भोजलीचं नाव

गोंदियाच्या बाजारात फुलवंतामायनं मला नावानं हाक मारली. "हन्ना," एवढंच. भांड्यांच्या गल्लीत आईचा, म्हणजे ओम्माचा, जुना कुकर मोडीत द्यायला मी उभी होते, दुकानदार त्याचं झाकण उलटसुलट करून नाक मुरडत होता, आणि मागून माझं नाव आलं. आवाज ओळखीचा होता म्हणून मी हसतच वळले. वळल्यावर मात्र कळलं की हाक कुणी मारली आहे, आणि ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं, कार्यक्रम संपल्यावर मांडव राहतो तसं. फुलवंतामायच्या शेजारी हिरव्या पातळातली एक ठेंगणी बाई उभी होती, हातात पिशवी, नजर थेट माझ्या डोळ्यांवर. माझे डोळे पाहून लोक आधी नेपाळ म्हणतात, मग चीन. "कोण होय हे पोरगी?" तिनं विचारलं. "देवरीले आमच्या घरी किरायानं राहत होते ना, कराटेवाले सर, त्यायची पोरगी," फुलवंतामाय म्हणाली. मग मला, "बरी आहेस ना, हन्ना?" पुन्हा नाव. मी "हो माय" म्हणाले, तर तिनं पटकन त्या बाईकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि "चाल, येतो आमी" म्हणून गर्दीत शिरली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बोलो, देना है के नहीं?" मी कुकर तसाच परत घेऊन घरी आले.

यात काय एवढं झालं, असं कुणीही विचारेल. ओळखीच्या बाईनं ओळखीच्या मुलीला नावानं हाक मारली. पण फुलवंतामायच्या तोंडून ते नाव मी दहा वर्षांची झाल्यापासून ऐकलेलं नव्हतं. तिच्या मुलीची मी भोजली आहे. देवरीपासून छत्तीसगड एका बसच्या अंतरावर, तेव्हा तिकडचे सण इकडे येऊन राहतातच. श्रावणात टोपलीत माती घालून गहू पेरायचे, अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवायचे, हळदीचं पाणी शिंपडायचं. उजेड न लागल्यानं ते रोप पिवळंधमक वाढतं. राखीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली टोपल्या डोक्यावर घेऊन तळ्यावर जातात, शिरवतात, म्हणजे पाण्यात विसर्जन करतात, आणि धुतलेली चार-चार रोपं परत आणतात. ज्या दोघींना जन्माचं नातं जोडायचं असेल त्या ती रोपं एकमेकींच्या कानात खोचतात. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. मरेपर्यंत नाही. ती मला भोजली म्हणणार, मी तिला भोजली. तिची माय ती माझी माय, माझा बाप तो तिचा बाप, आणि घरातली मोठी माणसंही मग नाव टाकून भोजलीच म्हणतात. माझ्या कानाला त्या रोपाचा ओला गार स्पर्श अजून कळतो. मातीचा आणि हळदीचा वास होता त्याला. मला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, आणि मला समजावण्याची गरजही नव्हती. परक्या देशातल्या लेकराला कुणी कानात रोप खोचून सांगितलं की आता तू आमची, तर ते लेकरू काय विचार करायला बसतं का?

मी चार वर्षांची असताना आम्ही आलो, सन दोन हजारमध्ये. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि ओम्मा कोरियातल्या एका चर्चनं पाठवलेले. कागदावर आप्पा तायक्वांदोचे प्रशिक्षक होते, कारण मिशनरी म्हणून व्हिसा कुणी देत नाही. वर्षानुवर्षं ते प्रत्येकाला "तायक्वांदो, तायक्वांदो" सांगत राहिले आणि देवरी त्यांना वर्षानुवर्षं कराटेवाले सर म्हणत राहिली. हार दोघांनीही मानली नाही. जुळवून घेणं हा शब्द आमच्या घरात फार मोठा होता. आप्पांनी लुंगी नेसायला शिकून जुळवून घेतलं, भारनियमनात घामाघूम बसून स्तोत्रं म्हणत जुळवून घेतलं, कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी काढत "फार छान" म्हणून जुळवून घेतलं. ओम्माला जमलं नाही ते भाताचं. तिला भात चिकट लागतो, काड्यांनी उचलता येईल असा, आणि इथे मोकळा भात म्हणजे घराची अब्रू. फुलवंतामायला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. मग दरवर्षी धान निघालं की तिचा नवरा रूपलाल नव्या तांदळाचं पोतं आमच्या दारात आणून टाकायचा. नवा तांदूळ शिजला की गिच्च गोळा होतो, म्हणून त्यांच्या घरी तो वर्षभर जुना करायला ठेवायचे. "आमाले जो नाही चालत तो तुमाले गोड लागते, बरंच आहे," फुलवंतामाय म्हणायची. ओम्मा कोबीत मीठ आणि तिखट घालून मडक्यात आंबवायची तेव्हा त्याचा वास सगळ्या आवारात पसरायचा. गल्लीत कुजबुज झाली की हे लोक कसलं तरी मांस कुजवून खातात. फुलवंतामायनं सगळ्यांसमोर मडक्यात हात घातला, पान काढून खाल्लं, तोंड वेडंवाकडं केलं आणि जाहीर केलं, "कोबीच होय, पण लय बेकार होय." कुजबुज थांबली. माझ्या आईवडिलांनी जुळवून घेतलं असं ते म्हणतात. मला वाटतं देवरीनं त्यांच्याशी जुळवून घेतलं, आणि त्याचा सगळा मान यांनी स्वतःकडे ठेवला.

माझ्या कानात रोप खोचलं गेलं तेव्हा दोघंही हरखले होते. दार उघडलं, असं आप्पा म्हणाले. त्यांच्या भाषेत दार उघडणं म्हणजे काय ते मला नंतर कळलं. मी आपली आनंदात होते. त्यांनी फोटो काढला, दोन्ही कानांवर पिवळी रोपं, मधे माझे पडके दात. त्याच हिवाळ्यात आम्ही कोरियाला गेलो होतो तेव्हा चर्चच्या पडद्यावर तो फोटो आला, आणि एक म्हातारे गृहस्थ उभे राहून म्हणाले, मुलीच्या कानात ते काय आहे? आप्पांनी कौतुकानं सांगितलं. गव्हाची रोपं, ती देवी समजून पुजतात, मग मैत्रिणी आयुष्यभर... आणि बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. म्हाताऱ्यानं फक्त मान हलवली आणि खाली बसला. मी पहिल्या रांगेत टोचणारा नवा स्वेटर घालून बसले होते, आणि मला वाटलं आप्पांचं पोट दुखायला लागलं असावं. देवरीत जे गोड होतं ते त्या गरम, स्वच्छ सभागृहात पाप झालं, आणि त्यासाठी एका मानेचं हलणं पुरलं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आप्पा मला हाताला धरून रूपलालच्या अंगणात घेऊन गेले. खाटेच्या कडेवर बसले, हात जोडले आणि आपल्या तुटक्या मराठीत म्हणाले की आमच्या देवाला हे चालत नाही, तेव्हा हे नातं मोडून टाकू, मैत्री राहू द्या. रूपलालनं खाटेच्या दोरीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "सर, खाट उसवली तर पुना विनता येते. हे कसं उसवता? हे झालं ना आता." फुलवंतामाय आतून चहा घेऊन आली. माझी भोजली दाराच्या चौकटीला टेकून नखं खात होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं जीभ काढून दाखवली, मीही काढली. चहा पिऊन आप्पा उठले. आपण सांगितलं म्हणजे ते मोडलं, असं समजून ते घरी आले आणि ओम्माला म्हणाले, झालं काम. इतकी वर्षं इथे राहून हा माणूस इतकंही शिकला नाही, याचा मला राग येतो. खरं तर राग ओम्माचा जास्त येतो. कारण कोरियात तिलाही कुणी नावानं हाक मारत नाही. तिथे बाईला मूल झालं की ती मुलाची आई होते. सगळ्या चर्चमध्ये ती हन्नाची आई आहे, आप्पाही तिला तेच म्हणतात. नाव न घेण्यात माया असते हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

मग सुरू झाली जेवणाच्या टेबलावरची प्रार्थना. आमच्या घरात प्रत्येकानं ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव घेऊन मागायचं, असा नियम. मोघम मागितलेलं पोचत नाही, पत्ता नसलेल्या टपालासारखं, असं आप्पा म्हणायचे. माझ्या वाट्याला माझी भोजली आली. रोज रात्री डोळे मिटून मी म्हणायचे, "प्रभू, तिला आशीर्वाद दे." आप्पा शांतपणे म्हणायचे, "कोणाला?" भाताची वाफ नाकाला लागायची, मग लागेनाशी व्हायची. ओम्माचा चमचा टेबलावर हळूच टकटक करायचा. मी डोळे मिटूनच राहायचे, कारण उघडले तर आप्पांचा चेहरा दिसला असता. तो रागीट नसायचा, हीच त्यात वाईट गोष्ट. ते माझ्यासाठी वाट पाहायचे, खऱ्या प्रेमानं, एका लहान मुलीच्या आत्म्यासाठी थंड भात खायला तयार होऊन. शेवटी तेच म्हणायचे, "आमेन." मी एकदाही नाव घेतलं नाही. मराठीत नाही, कोरियनमध्ये नाही, मनातल्या मनातही नाही. इतर बाबतीत मी अगदी गरीब गाय होते. पियानो वाजवला, वचनं पाठ केली, डोंगरावरच्या मिशनरी मुलांच्या शाळेत वसतिगृहात जा म्हणाले तेव्हा मुकाट्यानं गेले. एवढी एकच गोष्ट मी कुणाला दिली नाही, आणि त्या गोष्टीच्या आधारानं मी स्वतःला सांगत राहिले की या देशात माझं असं काहीतरी आहे, आप्पांच्या व्हिशावर न लिहिलेलं. आम्ही देवरी सोडून गोंदियात आलो, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो, भोजलीचं लग्न झालं तेव्हा मी डोंगरावर परीक्षा देत होते, ती नागऱ्याला सासरी गेली, तिला मूल झालं, हे सगळं मला फोनवर कळत गेलं आणि तरी ते होतंच. आता व्हिसा वाढवून मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही जाणार, कायमचे. माझ्या पासपोर्टावरच्या देशात मी सगळे मिळून काही महिने राहिले असेन. तिथल्या मुली माझं कोरियन ऐकून हसतात, म्हणतात तू आजीसारखी बोलतेस. आणि नेमक्या अशा वेळी फुलवंतामाय बाजारात माझं नाव घेते.

रात्रभर मी हिशेब लावत होते. लग्नाला गेले नाही म्हणून? भोजली लग्नाला येत नाही म्हणजे काय, तिकडे तोंड दाखवायला जागा राहत नाही. की देवरी सुटल्यावर मी फार कमी गेले म्हणून? की मी मोठी झाले, जीन्स घालते, इंग्रजीत बोलते, म्हणून? सकाळी मी ओम्माला सांगितलं की मोडीचं दुकान शोधायला जाते, आणि रिक्षा करून नागऱ्याला गेले. देवळापाशी उतरले. भोजलीच्या नवऱ्याचं, लोकेंद्रचं घर विचारलं तर चहावाल्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मगच बोट दाखवलं. त्या पाहण्यात काहीतरी नवीन होतं. देवरीतलं पाहणं कुतूहलाचं असायचं, डोळे बारीक कसे, केस सरळ कसे. याला माझ्याबद्दल आधीच काही माहीत होतं.

दार त्या हिरव्या पातळवाल्या बाईनंच उघडलं. ती माझ्या भोजलीची सासू, सुशीलाबाई. आत ओसरीवर भोजली बसली होती, मांडीवर बाळ, डोक्यावर पदर. मला पाहून ती अर्धी उठली. तोंड उघडलं, आणि माझ्याकडे न पाहता सासूकडे पाहून मिटलं. तिनं बाळावरचं फडकं ओढून त्याचं तोंड झाकलं. मी बाहेरच उभी राहिले. सुशीलाबाईंनी बस म्हटलं नाही.

"तुझा बाप आला होता दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "बाळंत झाली तवा. तुले मालूम नाही का?"

मला ठाऊक नव्हतं.

"शिपाई बायकायच्या वॉर्डात येऊ देत नव्हता, तर म्हणे मी हिच्या भोजलीचा बाप होय. मंग सोडलं. भोजलीचा बाप म्हणजे आपलाच बाप, आमीही काही बोललो नाही. खुर्ची देली. अन यानं लेकराच्या डोस्क्यावर हात ठेवून प्रार्थनाच चालू केली, मोठ्यानं. आजूबाजूच्या खाटेवरच्या बाया पाहून राहिल्या. दुसऱ्या दिवशी गावात झालं, लोकेंद्रच्या पोराले किरिस्ताव केलं. चार पोरं घरी आले विचाराले, मोटारसायकली घेऊन. माझ्या पोरानं त्यायचे पाय धरले." त्या हळू आवाजात बोलत होत्या, भांडत नव्हत्या. "महिनाभर हिले माहेरी ठेवलं आमी. तुझी फुलवंतामाय रडली माझ्यापाशी. म्हणे तो रिश्ता आता नाही ठेवत, पण पोरीले घेऊन जा. तवा आणलं."

मला आप्पा दिसले. वॉर्डाच्या दारात, हातात सफरचंदांची पिशवी, घामेजलेले, आनंदी. ज्या नात्याला त्यांनी हात जोडून मोडायला सांगितलं होतं, त्याचंच नाव दारावर सांगून आत गेले होते. त्यांना ते खोटं वाटलं नसणार. दार उघडलं असंच वाटलं असणार. आणि त्यांनी बाळासाठी खरोखरच मागितलं असणार, मनापासून, नाव घेऊन. मला त्यांची चीड आली. त्यांच्यामुळे फुलवंतामायला पोरगी नांदवण्यासाठी मला बाजारात नावानं हाक मारावी लागली होती, विहीणबाईसमोर, परीक्षा दिल्यासारखी. आणि हे आम्ही पुढच्या आठवड्यात मागे टाकून जाणार होतो. ते निरोपाच्या सभेत सांगणार होते की भारतानं आम्हाला किती दिलं.

"म्हणून इचारतो," सुशीलाबाई म्हणाल्या, "तू हिची भोजली होय का नाही? सांग. माझा कायी राग नाही तुझ्यावर. पण होय म्हणशील तर येणं-जाणं आलं, अन तुझ्यामागं तुझा बाप आला."

भोजली माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांत विनवणी असेल की नाही म्हणू नकोस. मी तिला ओळखते, ती लहानपणी नखं खायची तशीच आताही अंगठ्याचं नख दातांत धरून होती. विनवणी होती. पण ती उलटी होती. तिला बाळ होतं, नवरा होता, ज्यानं अंगणात लोकांचे पाय धरले होते, आणि तिला इथेच राहायचं होतं. मी परदेशी. माझं नातं माझ्यासाठी सगळ्या देशाएवढं मोठं होतं आणि तिच्यासाठी ते एका घराच्या दाराएवढं अरुंद झालं होतं, हे मला तिथे बाहेर उभं राहून कळलं. मी अजून एक क्षण थांबले. तो क्षण मी स्वतःसाठी घेतला, तिच्यासाठी नाही.

"नाही काकू," मी म्हणाले. "आमी त्यायच्या घरी किरायानं राहत होतो. सोनिका अन मी लहानपणी एका आंगणात खेळत होतो, तेवढंच."

नाव निघालं. काहीही झालं नाही. बाळ शिंकलं. सोनिकानं खांदे खाली सोडले आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख असावं अशी माझी फार इच्छा होती. ती सुटका होती. सुशीलाबाई एकदम मऊ झाल्या. "मंग उभी काऊन? बस ना, बाई. आपल्याच गावची होय हे तर." सोनिकानं बाळाच्या तोंडावरचं फडकं काढलं आणि त्याला माझ्या मांडीवर दिलं. "घे, हन्ना," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. बाळ गरम होतं, त्याच्या डोक्याला तेलाचा वास येत होता. सुशीलाबाई विचारत राहिल्या, तुमच्याकडे लग्न कितव्या वर्षी होते, तिकडे भात खातात का, थंडी किती पडते. मी सगळ्याची उत्तरं दिली. चहा गोड होता, सोबत मुरमुऱ्याचा चिवडा होता. इतक्या वर्षांत त्या दिवसाइतकी मी कुणाच्या घरी निवांत बसले नसेन, कारण माझ्यापासून आता कुणाला काहीच होणार नव्हतं.

निघताना सोनिका फाटकापर्यंत आली. बाळ कडेवर, पदर खांद्यावर घसरलेला, चेहरा मोकळा. "पुना कवा येशील, हन्ना?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "पाहू." पुढच्या आठवड्यात आम्ही कायमचे चाललो आहोत हे भोजलीला सांगावंच लागलं असतं, तिनं रडून गाव गोळा केलं असतं, वाटेसाठी करंज्या केल्या असत्या, स्टेशनवर आली असती. भाडेकरूच्या मुलीनं सांगण्याचं काही कारण नव्हतं. मी हात केला आणि रिक्षात बसले.